खिडकीवर दिलेला अर्ज

आमच्या कॉलेजात समितीवर नेमणूक होण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्टाफ मीटिंगला गैरहजर राहणं आणि दुसरा म्हणजे हजर राहून प्रश्न विचारणं. मी दुसऱ्या मार्गाने गेले. चहा येईपर्यंत वेळ जावा म्हणून मी सहज विचारलं, "ती लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती आहे ना आपली, तिची शेवटची बैठक कधी झाली?" प्राचार्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं. चहा आला तेव्हा मी त्या समितीची अध्यक्ष होते.

नियमाने अध्यक्ष वरिष्ठ बाईच लागते. माझ्याहून वरिष्ठ बाई कॉलेजात एकच होत्या आणि त्या पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या. शिवाय डोंबिवलीत पंचवीस वर्षं भूगोल शिकवला की माणूस कशाचाही अध्यक्ष होऊ शकतो. याआधी मी वृक्षारोपण समितीची होते. त्यातली झाडं अजून कुंड्यांतच आहेत.

पण एकदा गळ्यात पडलं की मी काम चोख करते, हा माझा जुना दोष आहे. मी मूळची नौपाड्यातली, वडील सरकारी कचेरीत. आमच्या घरात देवाच्या खालोखाल कागदाला मान होता. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. दोन दिवस दूध नको अशी चिठ्ठी दूधवाल्याला दिली तरी वडील तिच्या नकलेवर त्याची सही घेत. दूधवाला बिचारा अंगठा उठवून मोकळा व्हायचा.

तर मी पहिल्यांदा तक्रारपेटी शोधली. ती प्राचार्यांच्या दाराशेजारी, बरोबर कॅमेऱ्याखाली टांगलेली होती. म्हणजे तक्रार करणाऱ्या मुलीचा फोटोही आपोआप निघावा अशी सोय होती. किल्ली कुणाकडे हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा शिपायाने ती पेचकसाने उघडली. आत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत कँटीनचा समोसा गार असल्याची तक्रार, दुसरीत चौदा नंबरच्या वर्गातल्या पंख्याची, आणि तिसरी चिठ्ठी म्हणजे बऱ्यापैकी सुवाच्य प्रेमपत्र होतं. पंखा मी दुरुस्त करून घेतला. पेटी मुलींच्या विश्रांतीच्या खोलीत हलवली. माहितीपुस्तिका छापल्या, भित्तिपत्रकं लावली आणि नियमांवर प्रश्नमंजूषा ठेवली. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा होतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

समितीत एक बाहेरची व्यक्ती असावी लागते. आमच्या त्या बाई कळव्याच्या होत्या, निवृत्त परिचारिका. सरकारी दवाखान्यात जन्म काढलेला आणि आता बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जात. बोलत फार कमी. पहिल्या बैठकीत मी त्यांना सगळी भित्तिपत्रकं दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकूण एक वाचली.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, एखादी पोरगी खरंच आली तर बसणार कुठे?"

"स्टाफरूममध्ये बसेल की."

त्या चहाचा कप उचलून शांतपणे प्यायल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

दोनेक महिन्यांनी एक मुलगी आली. विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाची, दिवा स्टेशनजवळून येणारी. मी तिला ओळखत होते, कारण प्रश्नमंजूषेतला डबा तिनेच जिंकला होता, एकही उत्तर न चुकता. पहिल्या तासाला कायम उशिरा यायची म्हणून तिच्या विभागात तिची ख्याती होती. तिच्या बिल्डिंगमध्ये पाणी सकाळी येतं आणि ते भरल्याशिवाय ती घर सोडू शकत नाही, हे मला तिनेच एकदा सांगितलं होतं. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आत पाचसहा जण डबे खात बसले होते. कळव्याच्या बाईंचा प्रश्न मला तेव्हा आठवला. मी तिला घेऊन नकाशांच्या खोलीत गेले.

तिचे प्रोजेक्टचे मार्गदर्शक सर तिला रोज फोन करत होते. प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं आणि बाकी सगळं तिच्या कपड्यांबद्दल. प्रयोगशाळेत पाठीशी येऊन उभे राहत, खांद्यावर हात ठेवत, मग हात खाली येई. एक दिवस तिने मोठ्याने म्हटलं, "सर, हात काढा." सरांनी हात काढला आणि त्या दिवसापासून तिचा प्रोजेक्ट तीनदा परत केला. चौथ्यांदा परत आला तर तिचं वर्ष बुडणार होतं.

हे सर मला 'ताई' म्हणत. गॅदरिंग असो, सहल असो, कुणाच्या घरचं आजारपण असो, सगळ्यांत पुढे. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत जिलबी वाढली होती. ती बोलत असताना माझं एक मन म्हणत होतं की नाही, हा माणूस असा नाही. मला त्या मनाची आजही लाज वाटते. पण ते होतं, म्हणून लिहिते.

"मॅडम, घरी कळणार नाही ना?" तिने विचारलं. "पप्पांना कळलं तर कॉलेज बंद. आत्याने एक स्थळ आणूनच ठेवलंय."

"कुणाला म्हणजे कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. "गुप्तता हा तर पहिला नियम."

तिने दोन पानी अर्ज लिहून आणला होता. स्वच्छ अक्षर, तारखा, वेळा, सगळं जागच्या जागी. तो तिने माझ्यापुढे धरला. आणि मी, नौपाड्याच्या कचेरीवाल्याची मुलगी, म्हणाले, "असा नको. आधी ऑफिसच्या खिडकीवर दे. आवक नंबर पडू दे, पोच घे, मग तो माझ्याकडे येईल."

ती जरा घुटमळली. "पण पुस्तिकेत समितीकडे द्यावी असं आहे ना?"

"अगं, ऑफिसचा शिक्का असला की उद्या कुणी म्हणू शकत नाही की अर्ज आलाच नव्हता. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

पुस्तिका मी छापलेली होती. त्या ओळीखाली मीच प्रश्नमंजूषेसाठी रेघ मारली होती. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि तरी तिने माझं ऐकलं, कारण मी मॅडम होते.

आता आमच्या ऑफिसच्या खिडकीबद्दल सांगायला हवं. तिथे आवक नोंदवही नावाची एक लांबरुंद वही असते. शिष्यवृत्ती, बोनाफाईड, फी-सवलत, कसलाही अर्ज द्या, हेडक्लार्क त्यात क्रमांक, नाव आणि विषय लिहितात. मग वही खिडकीच्या फळीवर उघडीच ठेवतात, कारण प्रत्येकाला नंतर येऊन आपला नंबर शोधायचा असतो. दिवसभर पोरं तिथे उभी राहून पानावरून बोट फिरवत असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंचवीस वर्षं मीही त्याच पानांवरून बोट फिरवत आले होते.

हेडक्लार्कांचं अक्षर म्हणजे मोती. आणि विषय अर्धवट लिहिणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी मुलीचं संपूर्ण नाव लिहिलं, वर्ग लिहिला आणि विषयाच्या रकान्यात सरांच्या नावासकट लिहिलं, 'यांनी वारंवार फोन करून व अंगाशी येऊन त्रास दिल्याबाबत'. तिला शिक्का मारून पोच दिली. ती पोच घेऊन तासाला गेली.

दुपारच्या सुट्टीपर्यंत कँटीनला माहीत झालं. पानाचा फोटो कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या बिल्डिंगमधला एक मुलगा आमच्याकडे कॉमर्सला होता, त्याच्याकडून तो बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि तिथून आत्याच्या फोनवर. ती घरी पोचायच्या आधी बातमी दिव्याला पोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी मात्र तावातावाने ऑफिसात शिरले. हेडक्लार्क त्यांची पट्टी घेऊन रेघा आखत बसले होते.

"हे काय लिहून ठेवलंत तुम्ही?"

त्यांनी पान पाहिलं. "का? काही चुकलंय का मॅडम?"

"चुकलं नाही, हीच तर पंचाईत आहे. ही नोंद आधी काढा."

"आवक वहीत खाडाखोड चालत नाही," ते म्हणाले. अगदी दुखावून म्हणाले. "माझ्या हाताखालची एक वही दाखवा जिच्यात खाडाखोड आहे. आणि मॅडम, अर्ज खिडकीवर द्यायला तिला सांगितलं कुणी?"

रागाचं एक बरं असतं, तो दुसऱ्यावर असेतोवर माणूस ताठ उभा राहू शकतो. मी तिथल्या बाकावर बसले. हेडक्लार्कांनी न विचारता मला पाणी दिलं, त्यामुळे तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कळव्याच्या बाईंना फोन केला. त्या तासाभरात रिक्षाने आल्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं, त्या 'होतं असं' म्हणतील. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"वही बंद करायला लावा," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि त्या ओळीवर कोरा कागद चिकटवा. तो फोटो पुढे पाठवणाऱ्यांवर कारवाई होईल अशी नोटीस आजच लावा, तिचं नाव न घेता. तिचा मार्गदर्शक आजच्या आज बदला, चौकशी संपायची वाट बघू नका. आणि मग तिच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा."

"फोन करून काय सांगू?"

"जे झालं ते. त्याला काय लागतं?"

त्याला काय लागतं ते मला फोन हातात घेतल्यावर कळलं. वर्गात चुकीचा नकाशा काढला तर मी तो पुसून 'बघू या कुणाचं लक्ष आहे' म्हणणारी बाई. माझ्या नोकरीत मी कुठल्या पालकाला कधी 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. पालकाने यायचं, उभं राहायचं आणि त्यानेच माफी मागायची.

फोन करायची वेळ आलीच नाही. दुपारी तिचे वडील मुलीला घेऊन कॉलेजात आले. एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करणारे, शिफ्ट सोडून आलेले, अंगावर कंपनीचाच शर्ट. ते आले होते तिचं नाव काढून दाखला न्यायला. मी त्यांना नकाशांच्या खोलीत बसवलं. मुलगी शेजारी बसली, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मॅडम, मी हिला काय झालं ते विचारलेलं नाही," ते म्हणाले. "विचारायला धीर होत नाही. तुम्हीच सांगा. लय वाईट आहे का?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "चौकशी गुप्त असते."

ते हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे मॅडम. माझ्या बहिणीला माहीत आहे. ज्या रिक्षाने आलो त्यातल्या पोरांना माहीत आहे. फक्त बापाला सांगता येत नाही."

मी उठून उभी राहिले. का ते ठाऊक नाही, पण बसून ते म्हणणं मला जमलं नसतं. "हे माझ्यामुळे झालंय," मी म्हटलं. "तुमच्या मुलीने अर्ज माझ्यापुढे धरला होता. नियमही तोच होता, आणि तिला तो माहीत होता. मी तिला खिडकीवर पाठवलं. तिची काही चूक नाही, क्लार्कचीही नाही. माझी आहे. मी तुमची दोघांची माफी मागते." मला रडू येत होतं आणि रडून मी त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकणार नाही, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. कळव्याच्या बाई इतका वेळ भिंतीशी बसून होत्या. त्या मुलीकडे वळल्या. "बाळा, दाखला काढायचा की नाही, हे तू सांग. आणि पप्पांना काय सांगायचं तेही तूच ठरव. आम्ही बाहेर थांबतो."

आम्ही व्हरांड्यात थांबलो. समोर कबड्डीचा सराव चालला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कबड्डी मन लावून पाहिली, कारण दाराकडे बघायची हिंमत नव्हती. बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा वडिलांचे डोळे लाल होते आणि मुलीचे कोरडे.

"शिकायचं म्हणते," ते म्हणाले. "शिकू दे. बहिणीला मी सांगतो काय ते. पण उद्यापासून मी सोडायला येणार."

"नको पप्पा," ती म्हणाली. "तुमची फर्स्ट शिफ्ट असते."

"मग पाणी तरी मी भरतो. तू वेळेवर निघ." आणि ते ठरलं.

पुढची चौकशी सरळ झाली असं म्हणवत नाही. सर मला भेटायला आले. "ताई, तुम्ही तर मला ओळखता," म्हणाले. मी म्हटलं, "तेच म्हणणं लिहून द्या, समितीपुढे ठेवते." स्टाफरूममध्ये मी गेले की गप्पा थांबत. कुणी म्हणे हल्लीच्या मुली फार पुढे गेल्यात, कुणी म्हणे त्याच्या बायकामुलांचा विचार करा. एकजण म्हणाला की मिटवून टाका, चहा प्यायला बोलवा दोघांना. मी त्याला विचारलं की तुझ्या मुलीला बोलवू का चहाला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि मला त्याचं काहीएक वाटत नाही.

मुलीने फोनची यादी दिली, परत आलेल्या प्रोजेक्टच्या प्रती दिल्या. तो फोटो आधीच्या बॅचच्या दोन मुलींपर्यंतही पोचला होता. त्या आपणहून आल्या आणि त्यांनीही सांगितलं. त्यांचं सांगणं ओळीन् ओळ तसंच होतं. त्यावर प्राचार्य मला म्हणाले, "बघा, जे होतं ते बऱ्यासाठी होतं. वही उघडी राहिली म्हणून साक्षीदार मिळाले." मी इतकी भडकले की कळव्याच्या बाईंनी माझा पदर ओढला. तीन आठवडे ती मुलगी मान खाली घालून या आवारातून चालली होती. त्यात बरं काय होतं ते मला कुणी सांगावं.

नियमात दिलेल्या मुदतीत आम्ही अहवाल दिला. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने थोडी टंगळमंगळ केली, मी रोज जाऊन बसायला लागले तेव्हा आदेश निघाला. सरांची नोकरी गेली. मला त्याचा आनंद झाला नाही, पण वाईटही वाटलं नाही. मुलीचा प्रोजेक्ट दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच वेळी मंजूर केला. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच, त्या म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. प्रथम वर्ग. तिने सगळ्यांना पेढा दिला, मलाही दिला. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "रागावली आहेस का गं माझ्यावर?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही. "सरांचा राग आला होता मॅडम," ती म्हणाली. "तुमचं वाईट वाटलेलं. ते अजून वाटतं." मग वाकून नमस्कार केला आणि गेली. पेढा माझ्या हातातच राहिला होता.

त्यानंतर मी नकाशांची खोली मागून घेतली. जुने गुंडाळे हलवले, दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकलं, कुलपाचं लोखंडी कपाट ठेवलं. नवीन भित्तिपत्रक एकही काढलं नाही.

गेल्या वर्षी जून संपता संपता पहिल्या वर्षाची एक मुलगी त्या खोलीच्या दारात आली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. घडी घातलेला कागद तिने ओढणीखाली धरला होता.

"दिव्याला आमच्या शेजारची ताई तुमच्याकडे आली होती," ती म्हणाली. "तिने सांगितलं, या मॅडमकडे जा. त्या चुकल्या तर चुकले म्हणतात."

मी हात पुढे केला. तिने कागद दिला नाही.

"पण ती म्हणाली, आधी विचार, कागद कुठे ठेवणार. ते दाखवल्याशिवाय देऊ नको."

क्षणभर माझा पारा चढला. कालची पोर, मला पायरी दाखवते. मग मी उठले, कपाट उघडलं, कप्पा दाखवला, कुलूप लावून दाखवलं. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या पर्समध्ये असते, हेही सांगितलं. तिने स्वतः कपाटाचं दार ओढून पाहिलं. मग ती खुर्चीवर बसली आणि कागद टेबलावर ठेवला.